वाचक विचारतात: 'सी'चं अधिकृत स्टँडर्ड वाचायला कुठं मिळेल?

मागच्या अंकात सी लँग्वेजवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळ्यांचा सूर एकच, की बाई, अमुक बरोबर की तमुक हे शेवटी ठरवतं कोण आणि ते लिहिलंय कुठं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, लॅपटॉप कोणता घ्यावा वाल्यांनी जरा धीर धरा.

प्रश्न: ताई, मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नलला प्रश्न होता की इंट आय = ५ आहे, तर ++आय + ++आय प्रिंट केल्यावर आउटपुट काय. मी १३ लिहिलं, सरांनी १४ बरोबर धरलं, माझा मार्क गेला. घरी उबुंटूवर जीसीसीने १४ च दिलं पण मैत्रिणीच्या मॅकवर १३ आलं! सर म्हणतात पुस्तकात १४ आहे. सी चं असं एखादं फायनल पुस्तक आहे का, की ते उघडून दाखवलं की विषय संपला? आयएसओच्या साइटवर गेले तर तिथं पैसे मागतायत. (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर: आहे, असं पुस्तक आहे, आणि त्याच्या हिशोबाने तुम्हीही चूक आणि सरही चूक. १३ नाही, १४ नाही, कुठलाच आकडा बरोबर नाही, कारण ++आय म्हणजे आय एकने वाढवणं, आणि एकाच एक्स्प्रेशनमध्ये एकाच व्हेरिएबलची व्हॅल्यू दोनदा बदलायची आणि त्या दोन बदलांचा आधी-नंतर क्रम कुठं ठरलेला नाही, अशा कोडचं काय होईल याची हमी सी देतच नाही. याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. जीसीसी आणि मॅकवरचा क्लँग हे कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत करून देणारे प्रोग्राम, पहिला १४ देतो, दुसरा १३ देतो आणि दोघंही नियमाप्रमाणेच वागतायत. जीसीसीला -डब्ल्यूऑल हा ऑप्शन देऊन बघा, तो स्वतःच कुरकुरेल की आय वरचं हे ऑपरेशन अनडिफाइन्ड असू शकतं. क्लँग तर काही ऑप्शन न देताच वॉर्निंग देतो. (हाच प्रश्न जावाच्या पेपरात असता तर तुमचं १३ बरोबर होतं, कारण जावाच्या स्पेसिफिकेशनमध्ये १५.७ ला साफ लिहिलंय की डावीकडचं आधी, मग उजवीकडचं. सी ने मुद्दाम तसं लिहिलं नाही, कंपायलरला त्या त्या मशीनला सोयीचा क्रम लावता यावा म्हणून.)

आता पुस्तक. जमिनीचा वाद झाला की माणूस आधी सातबारा काढतो तसं सी च्या वादात जो कागद काढायचा त्याचं नाव आयएसओ/आयईसी ९८९९ (आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड काढणारी संस्था). सुरुवातीला असं काही नव्हतं, १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचं सी वरचं पुस्तक आलं आणि बरीच वर्षं तेच प्रमाण मानलं जायचं, पण जो तो आपापल्या कंपायलरमध्ये आपापली भर घालायला लागला तेव्हा अमेरिकेत १९८३ ला एक्स३जे११ नावाची कमिटी बसली आणि १९८९ ला अ‍ॅन्सी (तिथली स्टँडर्ड काढणारी संस्था) स्टँडर्ड निघालं. पुढच्याच वर्षी आयएसओने तेच घेतलं, म्हणून सी८९ आणि सी९० ही भाषा म्हणून एकच, फक्त कलमांचे नंबर वेगळे. मग १९९९, २०११, २०१८ (याला लोक सी१७ च म्हणतात) आणि सगळ्यात नवीन ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं, ज्याला सी२३ म्हणतात. हो, सालांचा गोंधळ आहे, मान्य, काम संपतं एका साली आणि छापून येतं दुसऱ्या साली.

पैशाचं म्हणाल तर आयएसओची प्रत दोनशे स्विस फ्रँकच्या घरात जाते म्हणजे आपले वीस-बावीस हजार रुपये, एका मार्कासाठी कुणी घेऊ नये! पण ज्या कमिटीकडं हे काम आहे (डब्ल्यूजी१४ म्हणतात तिला) ती आपले मसुदे ओपन-एसटीडी डॉट ऑर्ग या साइटवर फुकट ठेवते आणि प्रत्येक मसुद्याला एन पासून सुरू होणारा नंबर असतो. तुम्हाला पाहिजे तो एन१५७०. हा एप्रिल २०११ चा, सी११ छापायला जायच्या आधीचा शेवटचा मसुदा, सातशेच्या आसपास पानांची पीडीएफ आहे आणि जगभरचे लोक वादात याच्यातलेच उतारे देतात. सी१७ मध्ये नवीन फीचर काही आलं नाही, जुन्यातल्या चुका तेवढ्या दुरुस्त झाल्या, त्यामुळे एन१५७० अजूनही भरपूर कामाचा आहे. कॉलेजात सी९९ शिकवत असतील तर एन१२५६ घ्या, त्यात सी९९ आणि नंतरच्या तिन्ही दुरुस्त्या एकत्र केलेल्या आहेत. सी२३ साठी एन३२२०. खरं तर हा पुढच्या आवृत्तीचा पहिला मसुदा आहे पण सी२३ च्या छापील प्रतीच्या इतका जवळचा आहे की लोक तोच वापरतात. एक मात्र करू नका, साइटवर जाऊन सगळ्यात मोठ्या नंबरचा कागद उचलू नका. तिथं हजारो कागद आहेत आणि बहुतेक म्हणजे कुणीतरी मांडलेला प्रस्ताव असतो, मंजूर झालेला असेलच असं नाही, आणि तेवढ्यावर सरांशी भांडायला गेलात तर पंचाईत.

पीडीएफ उघडलीत की पहिल्या पानापासून वाचायला जाऊ नका, आठव्या पानाला झोप लागेल. मी तरी नवख्या माणसाला मागून वाचायला सांगते. शेवटी अ‍ॅनेक्स जे नावाचं परिशिष्ट आहे, त्यात जे.१ ला अनस्पेसिफाइड गोष्टी, जे.२ ला अनडिफाइन्ड, जे.३ ला इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड अशा याद्याच दिल्यात आणि प्रत्येक ओळीपुढं मूळ कलमाचा नंबर. तुमच्या ++आय + ++आय चा उल्लेख जे.२ मध्ये सापडेल, तिथून ६.५ च्या दुसऱ्या परिच्छेदावर जा, तो परिच्छेद प्रिंट करा आणि सरांना दाखवा. भांडू नका, नुसतं दाखवा.

हे तीन शब्द एकदा नीट समजून घ्या म्हणजे निम्मं स्टँडर्ड वाचता येतं. अनडिफाइन्ड म्हणजे काहीही होऊ शकतं, हमी नाही. अनस्पेसिफाइड म्हणजे दोन-चार शक्यता आहेत आणि त्यातली कोणती हे कंपायलर ठरवेल, सांगायला बांधील नाही, उदाहरणार्थ फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटपैकी आधी कोणतं मोजायचं. आणि इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड म्हणजे कंपायलर ठरवेल पण त्याने ते लिहून ठेवलंच पाहिजे, जसं की साधा कॅर (एक अक्षर ठेवायचा टाइप) हा साइन्ड, म्हणजे ऋण संख्याही घेणारा, की अनसाइन्ड. ते कुठं लिहिलंय? स्टँडर्डमध्ये नाही, कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये त्याचं वेगळं प्रकरणच आहे. आणि अजून एक मेख आहे ती चौथ्या कलमात आहे, की कन्स्ट्रेंट्स या मथळ्याखालच्या मजकुराच्या बाहेर जिथं जिथं शॅल (असं असलंच पाहिजे, या अर्थाचा इंग्रजी शब्द) आलंय आणि तुम्ही ते मोडलंत तिथं अनडिफाइन्ड हा शब्द लिहिलेला असो नसो, तो प्रकार अनडिफाइन्डच. कन्स्ट्रेंट्सच्या खालचं मोडलं तर मात्र कंपायलरने काहीतरी मेसेज द्यायलाच पाहिजे. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे भलेभले लोक पीडीएफमध्ये नुसता अनडिफाइन्ड शब्द सर्च करतात आणि सापडला नाही म्हणून चालतंय असं समजतात.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी ज्युनियर कॉलेज आणि डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवतो. आमच्याकडं अजून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. मला नवीन कंपायलर आणायचाय पण सहकारी म्हणतात व्हॉइड मेन, क्लियर स्क्रीन, गेटसीएच हेच खरं सी, इतकी वर्षं हेच शिकवलं. त्यांना दाखवायला अधिकृत काय आहे? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: सर, तुमची लढाई मोठी आहे! टर्बो सी पहिल्यांदा आलं १९८७ ला म्हणजे सी चं पहिलं स्टँडर्ड निघायच्याही आधी, आणि आपल्याकडं लॅबमध्ये अजून निळा स्क्रीन तोच. ते बनवणाऱ्या बोरलँड कंपनीच्या माणसांनी त्या काळात काम झकास केलं होतं, दोष त्यांचा नाही.

व्हॉइड मेनसाठी एन१५७० मधलं ५.१.२.२.१ काढा. तिथं मेन फंक्शनची दोनच रूपं दिलीत, दोन्हीत रिटर्न टाइप इंट, एक काहीही न घेणारं आणि एक आर्गसी-आर्गव्ही घेणारं. पण पुढं एक शेपूट आहे, की किंवा इम्प्लिमेंटेशन ठरवेल त्या इतर रीतीने. म्हणजे एखादा कंपायलर स्वतःच्या मॅन्युअलमध्ये लिहून व्हॉइड मेन चालवू शकतो, तुमचे सहकारी नेमकं हेच शेपूट पकडतील म्हणून आधीच सांगते. उत्तर असं द्या की ती त्या कंपायलरची मुभा आहे, सी ची नाही, दुसरीकडं तो प्रोग्राम चालेलच असं कुणी सांगू शकत नाही. (एम्बेडेड बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नसताना मेनचा प्रकारच वेगळा असू शकतो, ते फ्रीस्टँडिंग प्रकरण ५.१.२.१ ला आहे, पण मुलांच्या लॅबशी त्याचा संबंध नाही.)

क्लियर स्क्रीन आणि गेटसीएच ज्या कॉनिओ डॉट एच मधून येतात त्या फाइलचं तर सोपं आहे. सातव्या प्रकरणात सगळी लायब्ररी आहे आणि ७.१.२ ला हेडर फाइल्सची (प्रोग्रामला लायब्ररीतल्या फंक्शनची ओळख करून देणाऱ्या फाइल्स) यादी. सी८९ ला १५ हेडर होते, सी९९ ला २४ झाले, सी११ ला २९, सी२३ ला ३१. कुठल्याही यादीत कॉनिओ नाही, ग्राफिक्स डॉट एच नाही, डॉस डॉट एच नाही. ही यादी झेरॉक्स करून लॅबच्या दारावर चिकटवा, बोलायची गरज पडणार नाही.

आणि आपल्याकडं अजून एक प्रकार सर्रास शिकवतात, स्कॅनएफनंतर उरलेला एंटर घालवायला एफफ्लश(एसटीडीइन). ७.२१.५.२ वाचा, एफफ्लश हे आउटपुटच्या स्ट्रीमसाठी आहे, इनपुटवर लावलं की अनडिफाइन्ड. विंडोजवर काही कंपायलरनी ते चालवून घेतलं म्हणून सवय लागली. ओळ वाचून घेणाऱ्या गेट्स फंक्शनचं तर श्राद्धच झालंय, बफर (वाचलेली अक्षरं ठेवायची जागा) किती मोठा हे त्याला कळायची सोयच नव्हती म्हणून सी११ मधून ते काढूनच टाकलं, तरी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दरवर्षी पुन्हा जिवंत होतं. एफगेट्स शिकवा.

नवीन कंपायलर आणाल तेव्हा एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवशी घाला. नुसतं जीसीसी म्हटलं की तो स्वतःच एखादी आवृत्ती धरून चालतो, ८ ते १४ या व्हर्जनमध्ये सी१७ ची, १५ पासून सी२३ ची, आणि वर ग्नूची (जीसीसी ज्या प्रकल्पातला आहे तो) स्वतःची भर असतेच. म्हणून -एसटीडी=सी११ (किंवा जे शिकवताय ते), सोबत -पेडँटिक आणि -डब्ल्यूऑल. मग कंपायलर स्वतःच बरीच मास्तरकी करतो. पण त्याने काही म्हटलं नाही म्हणजे कोड स्टँडर्डला धरून आहे असं नसतं, अनडिफाइन्ड प्रकारात वॉर्निंग द्यायचं बंधन त्याच्यावर नाही.

प्रश्न: पुण्यात ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये काम करते. क्लायंटने रिव्ह्यूमध्ये विचारलं की हा नियम स्टँडर्डच्या कोणत्या कलमात आहे ते लिहा. फुकट मसुद्यातला नंबर दिला तर चालेल का? आणि मिस्रा म्हणजे सी चं स्टँडर्डच ना?

उत्तर: दुसऱ्याचं आधी, नाही. मिस्रा सी हा वेगळा दस्तऐवज, ब्रिटनमधल्या मोटार उद्योगातून १९९८ ला सुरू झालेला, आणि तो म्हणजे सी मधलं काय वापरायचं आणि काय टाळायचं याची नियमावली. भाषेची व्याख्या तो करत नाही, त्यासाठी तो आयएसओकडंच बोट दाखवतो. रिव्ह्यूमध्ये दोन्ही नंबर वेगवेगळे लिहा.

पहिल्याचं असं की समजून घ्यायला, आपसात चर्चा करायला मसुदा बिनधास्त वापरा, अख्खं जग तेच करतं. पण करारात, सेफ्टीच्या फाइलमध्ये, ऑडिटला जाणाऱ्या कागदात जे जाईल ते छापील स्टँडर्डशी ताडून बघितलेलं असावं आणि तेवढ्यासाठी कंपनीने एक प्रत विकत घ्यावी, तुम्ही स्वतःच्या खिशातून अजिबात नाही. मॅनेजर कुरकुरला तर त्या प्रोजेक्टचं बजेट आणि वीस हजार रुपये शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

नंबर देताना साल लिहायला विसरू नका, हे मी हात जोडून सांगते. वर कोल्हापूरच्या सरांना एफफ्लशचं ७.२१.५.२ सांगितलं ते सी११ चं. तेच सी९९ मध्ये ७.१९.५.२ आहे आणि सी२३ मध्ये ७.२३.५.२, कारण मध्ये नवीन हेडर घुसले की मागचे सगळे सरकतात. नुसता नंबर लिहिलात आणि समोरच्याकडं दुसरी आवृत्ती असली तर तो भलत्याच फंक्शनवर जाऊन पडेल आणि मेलामेली सुरू होईल. क्लायंटचा प्रोजेक्ट सी९९ वर असेल तर सी९९ चाच नंबर द्या.

पटकन नंबर शोधायची एक युक्ती म्हणजे सीपीपी रेफरन्स नावाची साइट. ती अधिकृत नाही, स्वयंसेवकांनी बनवलेली आहे, पण सी चं कुठलंही फंक्शन काढलंत की पानाच्या तळाशी बहुतेक वेळा कोणत्या आवृत्तीत कोणतं कलम आणि पान ते दिलेलं असतं. तिथून नंबर उचलायचा आणि मूळ मसुद्यात जाऊन वाचायचं. एखादा नियम असा का केला हा प्रश्न पडला तर स्टँडर्डमध्ये त्याचं उत्तर मिळणार नाही, त्यासाठी कमिटीने सी९९ ला रॅशनाल (म्हणजे कारणमीमांसा) नावाचा वेगळा कागद काढला होता, २००३ ची ५.१० ही आवृत्ती त्याच साइटवर फुकट आहे. मला विचाराल तर स्टँडर्डपेक्षा तोच वाचायला जास्त मजा येते, भांडणं कशावरून झाली असतील याचा अंदाज येतो.

प्रश्न: लिनक्सवर फोर्क, पीथ्रेड, ओपन वापरतो, पण तुम्ही म्हणता तसं पीडीएफमध्ये शोधलं तर यातलं एकही नाही. माझी फाइल अर्धवट आहे का? (औरंगाबाद)

उत्तर: फाइल पूर्ण आहे, ही फंक्शनं सी ची नाहीतच, पॉझिक्सची आहेत. ते युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वेगळं स्टँडर्ड, ओपन ग्रुपच्या साइटवर ऑनलाइन वाचायला फुकट. टर्मिनलवर मॅन पेज (त्या फंक्शनचं मॅन्युअलचं पान) उघडलंत तर खाली स्टँडर्ड्स किंवा कन्फॉर्मिंग टू असा मथळा असतो, तिथं लिहिलेलं असतं की हे सी११ चं की पॉझिक्सचं की फक्त लिनक्सचं. कधीकधी इकडचं तिकडं होतं बरं का, स्ट्रिंगची कॉपी करणारं एसटीआरडीयूपी इतकी वर्षं पॉझिक्सवालं होतं ते सी२३ मध्ये सी चं झालं.

प्रश्न: पायथनचं आयएसओ स्टँडर्ड सापडत नाहीये, नंबर देता का? जावास्क्रिप्टचाही द्या. (ठाणे)

उत्तर: पायथनचं नाहीच! पायथनच्या साइटवर लँग्वेज रेफरन्स नावाचा भाग आहे तो अधिकृत समजायचा, बदल का आणि कसे झाले ते पेप नावाच्या कागदांत, आणि जिथं दोन्ही गप्प तिथं सीपायथन (पायथन चालवणारा नेहमीचा प्रोग्राम) जे करतो ते. जावाचंही आयएसओ नाही, जावा बनवणाऱ्या सन कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रयत्न केला आणि मग माघार घेतली, पण लँग्वेज स्पेसिफिकेशन ओरॅकलच्या साइटवर कुणालाही वाचता येतं. जावास्क्रिप्टचा नंबर ईसीएमए-२६२, पहिली आवृत्ती १९९७ ची, २०१५ पासून दरवर्षी नवीन निघते आणि पूर्ण फुकट. एसक्यूएल आयएसओ ९०७५, ते विकतचं आणि भागाभागात आहे, त्याच्या मागं लागण्यापेक्षा तुम्ही जो डेटाबेस वापरता त्याचं मॅन्युअल वाचा, तसंही कुठलाच डेटाबेस ते पूर्ण पाळत नाही.

प्रश्न: बाबांच्या कपाटात कर्निगन-रिचीचं जुनं, १९७८ चं पुस्तक मिळालं. मागं रेफरन्स मॅन्युअल पण आहे. यावरून शिकलं तर चालेल ना? फुकटचं आहे म्हणून विचारतो. (मडगाव)

उत्तर: जपून ठेवा, पण शिकायला दुसरी आवृत्ती घ्या, १९८८ ची, तिच्या मुखपृष्ठावर अ‍ॅन्सी सी असं लिहिलेलं असतं. १९७८ च्या पुस्तकात फंक्शन लिहायची पद्धत निराळी आहे, कंसात नुसती नावं आणि टाइप खालच्या ओळीत. ती पद्धत स्टँडर्डने पुढं पस्तीसएक वर्षं चालवून घेतली, सी२३ ने मात्र काढून टाकली. रिटर्न टाइप लिहिला नाही तर इंट धरायचा हीसुद्धा त्याच पुस्तकातली सवय, ती सी९९ लाच गेली. म्हणजे बाबांचे प्रोग्राम जसेच्या तसे जीसीसी १५ ला दिलेत तर तो अडेल, -एसटीडी=सी८९ लावून बघा, बरेचसे चालतील. दुसरी आवृत्तीसुद्धा सी९९ च्या आधीची आहे तेव्हा वाद झाला तर तिचा दाखला देऊ नका, वर सांगितलेला एन१५७० च उघडा.

प्रश्न: सी++ साठी पण हेच का? (नाशिक)

उत्तर: पद्धत तीच, कागद वेगळा. नंबर आयएसओ/आयईसी १४८८२, पहिलं १९९८ चं, कमिटी डब्ल्यूजी२१. सी++११ साठी एन३३३७, सी++१७ साठी एन४६५९, सी++२३ साठी एन४९५०. चालू मसुद्याचा सोर्स गिटहबवर उघडा आहे आणि त्याचं वेबपेजवालं रूपही मिळतं, लिंकवर क्लिक करत जायला ते बरं पडतं. फक्त तो रोज बदलणारा मसुदा आहे हे लक्षात ठेवा. सी++ मध्ये कलमांना नंबराबरोबर चौकटी कंसात छोटी नावंही असतात, ती आवृत्ती बदलली तरी सहसा तशीच राहतात, म्हणून उतारा देताना नंबरापेक्षा ते नाव द्या. आणि प्रिंट काढायला जाऊ नका, दोन हजारांवर पानं आहेत.

पुढच्या अंकासाठी पत्रं नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. कोड पाठवणाऱ्यांनी कंपायलर कोणता आणि त्याचं व्हर्जन कोणतं एवढं तरी लिहा, स्क्रीनचा तिरका फोटो चालणार नाही.